गावपळणीतली सही

१

चिरेवळ गाव गावपळणीहून परत आला, बंद चुली पेटल्या, आणि दुसऱ्याच सकाळी गुणाजी केळुसकरांच्या मुलीचं नाव जगभर बद्दू झालं. गुणाजींनी मालवणला थोरल्या बहिणीला फोन लावला. "बाय, बेगीन ये. तन्वी रडता. कायतरी कॉम्प्युटरचा आसा, माका कळणा नाय."

पद्मावतीबाई आल्या त्या कपाळाला आठ्या घालूनच. दस्तनोंदणीच्या ऑफिसात त्यांची तीस वर्षं गेली होती, आणि त्या काळात त्यांनी एकच गोष्ट पाहिली होती: माणसं सही करायला उभी राहतात आणि खोटं बोलतात. मेलेल्या सासऱ्याच्या जागी शेजारी अंगठा उठवतो, आणि कपभर चहावर साक्षीदार मिळतात. माणूसजातीबद्दल बाईंचं मत तिथेच बनलं. निवृत्तीनंतर ते सुधारावं असं काही घडलं नव्हतं.

गावपळणीबद्दल तर बोलायलाच नको. दर तीन वर्षांनी देवाच्या हुकमाने अख्खा गाव गुराढोरांसकट, कुत्र्याकोंबड्यांसकट व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे माळावर झोपड्या घालून राहतो. तीन रात्री गावात ना दिवा, ना चूल. मग देवाला कौल लावायचा आणि परतायचं. बाई त्याला खुळ्यांची सहल म्हणत. लग्न होऊन मालवणात गेल्यापासून त्यांनी त्या माळावर पाऊल ठेवलं नव्हतं.

"पयल्यापासून सांग," त्या तन्वीला म्हणाल्या. "आणि रडू नको. रडणारी माणसा बघलंय की माका झोप येता."

तन्वी बी.एस्सी. झालेली, घरी बसून मुलांच्या शिकवण्या घेणारी. उरलेल्या वेळात ती जे करत होती ते बाईंना पहिल्यांदाच नीट कळलं. जगभरची माणसं मिळून एक ऑपरेटिंग सिस्टिम बनवतात आणि फुकट वाटतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना तयार सुटे भाग लागतात, त्यांना लायब्ररी म्हणतात. अशी कोणीतरी लिहिलेली लायब्ररी आणायची, तपासायची, कोणाच्याही मशीनवर एका हुकमासरशी बसेल अशी बांधायची. त्या पुड्याला पॅकेज म्हणायचं, त्यावर आपली गुप्त सही करायची आणि जगाला पाठवून द्यायचं. देवनागरी शब्द क्रमाने लावणारी एक लायब्ररी तन्वी दोन वर्षं सांभाळत होती.

"पगार काय?"

"नाय आते. स्वखुशीन करतत सगळे."

"म्हणजे हमाली. आणि हमालाक निदान चाय तरी गावता."

आता त्या लायब्ररीचं नवं पॅकेज गुरुवारी संध्याकाळी तन्वीच्या सहीने गेलं होतं, आणि ज्यांनी ते बसवलं त्यांच्या फायली साफ पुसल्या गेल्या होत्या. ब्राझीलपासून जपानपर्यंत लोक शिव्या देत होते. प्रकल्पाच्या जाणत्या मंडळींनी तिची सही गोठवली होती. पुढच्या रविवारपर्यंत पटेल असा खुलासा आला नाही, तर ती कायमची बाहेर.

"सही तुझीच?"

"माझीच. पण मी केलेली नाय."

"हां. ह्याच ऐकान माझे केस पिकले." बाईंनी हिशेब मांडला. "सोमवारी गाव भायर पडलो. तीन राती झाल्यो. बेस्तरवारी सकाळी घराक इलंस, सांजेक घाईघाईत पॅकेज धाडलंस, चूक झाली, आणि आता सही नाकारतंस."

तन्वीने मान खाली घातली. गुणाजींनी मात्र अंगणात पिंक टाकली आणि पहिल्यांदाच बहिणीच्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

"बाय, बेस्तरवारी आमी खंय घरात होतो? देवान कौल दिलो नाय. आणखी एक रात माळारच काडली. सुक्रारी इलंव. बेस्तरवारी ह्या घरात उंदीरसुदीक नव्हतो!"

२

बाईंना राग आला तो स्वतःचा. दस्त न वाचता शिक्का मारावा तसं त्यांनी केलं होतं. पण स्वतःवरचा राग दुसऱ्यावर काढायची सवय जुनी.

"ह्या तू त्या लोकांका कळवलंस?"

"बाहेरगावी होते, एवढाच लिवलंय."

"कित्याक?"

"काय लिवू, आते? देवान सांगल्यान म्हणून आमी कोंबये घेवन झोपडेत रवलंव? ते हसतीत. तू हसतंस ना, तशे."

बाई खाकरल्या आणि कामाच्या प्रश्नावर आल्या. ही गुप्त सही असते कशी? तन्वीने सांगितलं: एक फाइल, आणि ती उघडायला परवलीचं वाक्य. दोन्ही हातात असल्याशिवाय सही होत नाही. ती दोन वर्षांपूर्वी बनवली होती कसालला, दत्तप्रसाद सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये, कारण तेव्हा घरी मशीन नव्हतं.

"म्हणजे फाइल सरांकडे रवली आसात."

"रवली आसात. पण माझ्यावांगडा क्लासाक होतो त्या किरणान माझो कॉम्प्युटर दुरुस्त केल्यान, तेकाय गावली आसात. आणि विकीन, तोय त्याच क्लासातलो, एकदा पेन ड्राइव्ह नेल्यान, तेच्यातय ती होती."

"आणि वाक्य?"

तन्वीने आधी दार लोटलं.

"पयल्यांदा टाइप केलंय तेव्हा सर मागे उभे होते. किरण आणि विकी बाजूच्या खुर्चेर. नियम आसा, कोणाक दाखवूचा नाय. पण सरांका 'तोंड फिरवा' असा कसा सांगतलंय, आते?"

"मागीर बदललंस नाय?"

"नाय."

शाब्बास. परदेशातल्या माणसांनी घातलेला कडेकोट नियम, आणि तो कसालात मोडला कशापायी, तर गुरूला पाठ फिरवा म्हणायची भीड! बाईंना हसावं की कानफटात द्यावी कळेना.

गावात मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून रिक्षा बोलवायला त्यांनी घरातला तारेचा फोन उचलला, तर त्याला सुकलेलं गवत आणि कोंबडीची शीट चिकटलेली. त्यांनी तो दोन बोटांत धरला.

तन्वीची आई सावित्री पदर सावरत धावली. "थांबा वन्सं, पुसून देतंय! चोरार काय भरवसो? म्हणून फोनचो डबो कोंबयेंच्या डालग्यात घालून माळार नेललंय. काल घराक इल्यार परत लायलो."

"चोर फोनाक येतलो! धन्य आसा," म्हणत बाई बाहेर पडल्या. तीन माणसांनी ते वाक्य पाहिलं होतं. त्या तिघांतला एक चोर होता, आणि तिघेही तन्वीला आपल्या घरची मानतात असं गावात सांगत फिरत.

३

किरणचा सायबर कॅफे मालवणच्या बाजारात. बाहेर बोर्डावर लिहिलेलं 'सर्व प्रकारची सॉफ्टवेअर मिळतील', म्हणजे चोरून उतरवलेल्या सीड्या. ज्याचं पोट चोरीच्या मालावर चालतं त्याला फुकट वाटणारे कधी आवडत नाहीत. बाईंनी त्याला गुरुवारचं विचारलं.

"माळारच होतंय, आते. गुणाजीकाकांच्या बाजूचीच झोपडी. पत्ते खेळत होतंव."

"दिवसभर?"

त्याने मान खाजवली. "सांजेक जरा हंय येवन गेलंय. चार दिवस दुकान बंद ठेवूक परवडणा नाय. पण देवाशपथ, गावात पाय ठेवूक नाय! मालवणात येवक बंदी नाय ना?"

म्हणजे गुरुवारी संध्याकाळी हा इंटरनेटसमोर एकटा बसलेला. आणि शपथ न मागता घेतो. बाईंनी तेवढं ध्यानात ठेवलं.

तारकर्लीला विकीच्या घरचे पर्यटकांना खोल्या देत. विकी पुण्याच्या कंपनीत, सुट्टीवर आलेला, लॅपटॉप मांडीवर घेऊन झोपाळ्यावर. त्याने तन्वीला मागणी घातली होती आणि तिने नाही म्हटलं होतं, हे तालुक्याला ठाऊक होतं.

"आत्या, ऑनेस्टली, मी हर्ट झालो होतो," तो म्हणाला. पुण्याला गेल्यापासून त्याला मालवणी बोलायला दुखत असे. "पण म्हणून असं करीन? गुरुवारीच दुपारी मी माळावर बांगडे घेऊन गेलो होतो. कौल मिळाला नाही म्हणून सगळे वैतागलेले. सावित्रीकाकींना म्हटलं, घ्या, आजचं तरी कालवण होईल."

"आणि सांजेक?"

"इथेच. लॅपटॉपवर."

"कोण होतो बरोबर?"

"कोणी नाही," विकी म्हणाला आणि झोपाळा थांबला.

दोघांकडे साधन, दोघांकडे संधी, आणि दोघांच्या तोंडावर चोर पकडल्याचे भाव. चेहऱ्यावरून चोर ओळखता आला असता तर बाईंनी तीस वर्षांपूर्वीच अर्धा जिल्हा आत टाकला असता. त्यांनी कसालची एस.टी. पकडली.

४

दत्तप्रसाद सरांचा क्लास कसालच्या हायवेला लागून. भिंतीवर सरांचे फोटो, सर शाल घेताना, सर शाल देताना. खरं काम करणाऱ्याला भिंत रंगवायला वेळ नसतो, उथळ पाण्याला खळखळाट फार, हे बाईंनी खुर्चीत टेकता टेकताच मनात नोंदलं.

"पद्मावतीताई! या, या. तन्वीचं कळलं. जीव तुटतो हो." सर ऑफिसातली मराठी बोलत, तीसुद्धा भाषणातली. "माझ्या हाताखाली शिकलेली पोर. मुक्त संगणकाची ही ज्योत या जिल्ह्यात मी पेटवली."

"तुम्हीही सभासद आहात त्या प्रकल्पाचे?"

सरांनी चहाचा कप उगाच फिरवला. "मी अर्ज केला होता. त्यांचे निकष फार तांत्रिक. मी म्हटलं, आपण पडद्यामागे राहू."

अर्ज फेटाळला, असं साध्या मराठीत म्हणतात. का, ते तन्वीने आधीच सांगितलं होतं: विद्यार्थ्यांनी बांधलेली पॅकेजं सरांनी आपली म्हणून दाखवली आणि एका प्रश्नाचंही उत्तर देता आलं नाही.

"आता तिच्या लायब्ररीचं काय होणार?" बाईंनी विचारलं.

"ती अनाथ होणार. मग कोणीतरी पुढे येऊन सांभाळायची, अशी पद्धत आहे. मी तयारी कळवली आहे. कर्तव्य म्हणून."

आयत्या बिळावर नागोबा, आणि वर बिळावर उपकार!

"तिने घाई केली, ताई," सर पुढे झुकले. "गावपळणीहून घरी आली त्याच संध्याकाळी तिचा मला घरून फोन. सर, नवी आवृत्ती आजच पाठवते. मी म्हटलं, बाळ, दमून आली आहेस, उद्या पाठव. पण ऐकतंय कोण? आणि तासाभरात तो अनर्थ! मी हे त्या मंडळींनाही प्रामाणिकपणे कळवलं आहे. गुरूचंही काही उत्तरदायित्व असतं."

बाईंना ते पटलं. माणूस पोकळ, पण पोकळ माणसं बहुधा निरुपद्रवी असतात. शिवाय, पोरगी आपल्यापासूनच काही लपवते आहे की काय, ही जुनी शंका पुन्हा मान वर काढू लागली. निघताना सरांनी त्यांच्या हातात निमंत्रण ठेवलं. शनिवारी सरांचा सत्कार होता, अख्ख्या चिरेवळला जेवणाचं आवतण होतं.

५

दुसऱ्या दिवशी सावित्रीचा फोन आला. तिचा आवाज मधूनच येत होता, मधूनच बुडत होता.

"वन्सं, कायएक ऐकाक येणा नाय! डालग्यात तलंग्या कोंबयेन डब्यार अंडा घातल्यान, तेवापासून असोच खरखरता!"

"मग डबो आपट नायतर कोंबडी काप," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

ठेवला, आणि हात तिथेच राहिला.

फोन डालग्यात होता. डालगं माळावर होतं. मग सरांना तन्वीचा फोन आला कुठून?

बाई स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. सरांनी सांगितलं होतं: घरी आली त्या संध्याकाळी फोन, आणि तासाभरात अनर्थ. अनर्थ गुरुवारचा. म्हणजे सरांच्या हिशेबात तन्वी गुरुवारी घरी आली. तीन रात्री, मग कौल, मग घर. अगदी बिनचूक हिशेब.

बाईंनीही पहिल्या दिवशी हाच हिशेब केला होता. आणि दोघांनीही एका कारणानेच केला होता: खुळ्यांच्या सहलीची चौकशी कोण करतो? देवाने कौल दिला की नाही, हे विचारणं दोघांनाही कमीपणाचं वाटलं होतं. दत्तप्रसाद सरांच्या शेजारी आपलं नाव मांडावं लागलं, म्हणून बाईंच्या तोंडाला कडू चव आली. ती चहानेही गेली नाही.

मग त्यांनी सावित्रीला उलट फोन केला. "कोंबडी कापू नको. शनिवारी सत्काराक तो डबो पिशयेत घालून हाड. पुसू मात्र नको!"

६

सत्काराला चिरेवळ लोटला होता, जेवणावळ फुकट असल्यावर आपला समाज ज्ञानाची फार कदर करतो. सरांच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. तन्वी शेवटच्या रांगेत अंग चोरून बसली होती. रविवार उद्यावर आला होता आणि तिने जाणत्यांना दुसरं अक्षर लिहिलं नव्हतं.

पद्मावतीबाईंनी दोन शब्द बोलायची परवानगी मागितली. पोरीची आत्या म्हणजे रडकं आभारप्रदर्शन करणार, या समजुतीने सरांनी माईक दिला.

"सर, तुम्ही तन्वीला सावध केलं होतंत, ते सगळ्यांना सांगा. गुरू कसा असतो ते गावाला कळू दे."

स्तुतीचा वास आला की सरांना बाकी काही दिसत नसे. त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, यावेळी हातवारे करून. गावपळणीहून आलेली पोर, गुरुवारची संध्याकाळ, घरून आलेला फोन, 'बाळ, घाई करू नकोस.'

सभागृहात कुजबुज सुरू झाली. मग गुणाजी उठले.

"सर, बेस्तरवारी माझा चेडू घरात होता म्हणतास?"

"हो, म्हणजे... तिनेच फोन..."

"बेस्तरवारी अख्खो गाव व्हाळापलीकडे होतो! कौल सुक्रारी मिळालो. म्हणजे माझ्या चेडवान देवाची पळण मोडल्यान? ह्या तुमी चारचौघांत म्हणतास?"

खुर्च्या सरकल्या. सर घोटभर पाणी प्याले. "कदाचित... ती कोणाच्या नकळत घरी गेली असेल आणि..."

"आणि कसल्या फोनार बोलला?" सावित्रीने पिशवीतून फोन काढून वर धरला. गवत, शीट, सगळं जागच्या जागी. "ह्यो माझ्या डालग्यात होतो! तुमका फोन कोणी केल्यान, माझ्या कोंबयेन?"

हशाने छप्पर उडायचं तेवढं राहिलं. पद्मावतीबाई मात्र हसल्या नाहीत.

"ऐका," त्या ऑफिसच्या आवाजात म्हणाल्या. "ज्याने ही सही मारली, त्याने तन्वी घरी पोचायची वाट पाहिली. ती मशीनजवळ असतानाच पॅकेज गेलं तर खापर तिच्यावर फुटणार. म्हणजे चोराची खात्री होती की गुरुवारी ती घरी आहे. किरण शेजारच्या झोपडीत होता, त्याला ठाऊक होतं की ती माळावर आहे. विकीने त्याच दुपारी तिथे बांगडे पोचवले, त्यालाही ठाऊक होतं. त्यांना तिला अडकवायचं असतं तर शेकडो साक्षीदार असलेला दिवस त्यांनी निवडला नसता. गुरुवारी गाव भरला असं मानणारी माणसं दोनच. एक तुम्ही, आणि एक मी. आणि मला कॉम्प्युटर चालू करता येत नाही."

पहिल्या रांगेतला किरण उभा राहिला तसे सर मागे सरकले, नारळ हातातून सुटून स्टेजवर गडगडला.

"मला फक्त ते पॅकेज बसू नये एवढंच करायचं होतं," ते पुटपुटले, आणि माईक अजून चालूच होता. "थोडी नाचक्की झाली असती, लायब्ररी माझ्याकडे आली असती. फायली पुसल्या जातील हे... ती एक ओळ चुकली."

"म्हणजे वाईट करायला बसलात, तेही नीट जमलं नाही," बाई म्हणाल्या आणि माईक ठेवून खाली उतरल्या.

७

तन्वीने त्याच संध्याकाळी सगळं लिहून पाठवलं. देव, कौल, माळ, कोंबड्या, आईचा सभेतला प्रश्नसुद्धा. किरणने माईकवरचं बोलणं मोबाइलवर घेतलं होतं, तेही जोडलं. कोणी हसलं नाही. एका जाणत्याने तेवढं विचारलं की कौल लावतात कसा. रविवारी तिचं सभासदत्व कायम झालं. जुनी सही मात्र चोरीची, ती कायमची रद्द. नवी बनवायची, आणि पणजीचा एक सभासद समोरासमोर येऊन ओळख पटवून तिला साक्ष देणार होता.

नवी सही बनवायच्या सकाळी पद्मावतीबाई चिरेवळला हजर. तन्वीच्या मशीनशेजारी खुर्ची ओढून, चष्मा पुसून बसल्या. तीस वर्षं त्यांच्या नजरेखालून सही गेल्याशिवाय या जिल्ह्यात जमिनीचा तुकडाही हलला नव्हता, तेव्हा भाचीची सही त्या बघणारच. तन्वीने काहीबाही दाबलं आणि पडद्यावर परवलीच्या वाक्याची रिकामी चौकट आली.

तन्वीचे हात थांबले. ती एकदा पडद्याकडे बघे, एकदा आतेकडे.

"आते," ती म्हणाली. "जरा तोंड फिरय."

चुलीजवळ सावित्रीच्या हातातून पळी पडली. गुणाजी दारातून मागे गेले. पद्मावतीबाईंना असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं, ना ऑफिसात, ना सासरी.

बाईंच्या कपाळाच्या आठ्या गोळा झाल्या आणि तिथेच थांबल्या. "ह्या त्या मास्तराक तेव्हाच सांगतंस तर?" त्या म्हणाल्या. मग चष्मा काढला, खुर्चीतून उठल्या, आणि टाइप करायचा आवाज थांबेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.